सुकलं, पण स्वच्छ झालं नाही : मॅग्नेशियमच्या एका प्रयोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातलं आहे. संस्थेचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. प्रकल्पाचा मार्गदर्शक मीच होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्याहून अधिक माझ्या खात्यावर आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीला मिठागरांशी संबंधित काहीतरी करायचं होतं. गोव्यात चालू आगरं आता मोजकीच उरली आहेत. पेडण्यातल्या आगरवाड्यासारख्या गावांच्या तर नावातच आगर आहे. मीठ ओढून झालं की वाफ्यात एक कडू, हाताला तेलकट लागणारं पाणी उरतं. मिठागरवाले ते सोडून देतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, आणि आटून आटून ते बहुतेक या कडू पाण्यात जमा झालेलं असतं. त्यातून मॅग्नेशियम क्लोराइड वेगळं काढायचं, वितळवायचं आणि विजेनं धातू पाडायचा, असा बेत ठरला.

कल्पना काही नवी नव्हती. बुन्सेननं १८५२ मध्ये वितळलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमधून विजेनं धातू काढला होता. अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रीपोर्टला डाऊ कंपनीनं जानेवारी १९४१ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून मॅग्नेशियम काढायला सुरुवात केली. आम्हाला नवा शोध लावायचा नव्हताच. आपल्या आगरातल्या पाण्यातून चार-दोन ग्रॅम धातू निघतो का, एवढंच बघायचं होतं.

मांडणी साधी होती. पोलादी मूस, कारण मॅग्नेशियम लोखंडाशी मिसळत नाही. पोलादी सळीचा कॅथोड, म्हणजे विजेचं ऋण टोक, जिथे धातू पडतो. ग्रॅफाइटच्या कांडीचा ॲनोड, म्हणजे धन टोक, जिथे क्लोरीन सुटतो; त्याभोवती ॲल्युमिनाची नळी, म्हणजे क्लोरीन परत धातूला भेटणार नाही. मुशीवर झाकण, आत आरगॉन हा कशाशी क्रिया न करणारा वायू, आणि बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या दोन बाटल्यांतून धुराड्यात. मिश्रणात पाचवा हिस्सा मॅग्नेशियम क्लोराइड, बाकी सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइड, थोडं कॅल्शियम क्लोराइड. तापमान ७०० अंशांच्या आसपास. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळतं, म्हणजे कॅथोडवर धातूचे थेंब सुटायचे, ते एकमेकांत मिसळून गोळा व्हायचा आणि क्षारावर तरंगायचा. निदान पुस्तकात तरी तसं असतं.

अडचण

मे महिन्यात कडू पाणी आणलं. आटवून, आधी पडणारं साधं मीठ गाळून, शेवटी स्फटिक मिळाले. या स्फटिकात मॅग्नेशियम क्लोराइडच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असतात. वजनानं बघायचं तर निम्म्याहून जास्त पाणीच. ते आधी ओव्हनमध्ये, मग ४०० अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवलं. सकाळी पांढरी, कोरडी, बोटांत कुरकुरणारी पूड हाती आली. पुन्हा तापवून वजन केलं, फरक नाही. बाटलीवर चिठ्ठी लागली : ‘सुकलेलं’.

पहिली खेप जूनच्या मध्यावर लावली. ८ अँपिअर, ३ तास. हिशेबानं १०.९ ग्रॅम धातू निघायला हवा होता. मूस थंड करून फोडली तर गोळा नव्हताच. मोहरीएवढे, राजगिऱ्याएवढे मणी क्षारात विखुरलेले, प्रत्येकावर करडी साय. काही मणी तळाच्या राखाडी गाळात रुतून बसले होते. वेचून वेचून जेमतेम ३ ग्रॅम जमले. दोन मणी चिमट्यात धरून दाबले तर साय फुटली आणि आतून लख्ख चांदीसारखा धातू डोकावला. म्हणजे धातू पडत होता. एकमेकांत मिसळत नव्हता.

आणखी एक गोष्ट दिसली, पण तिच्याकडे तेव्हा कोणी नीट पाहिलं नाही. ॲनोडची कांडी बारीक झाली होती आणि तिच्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते.

पहिला अंदाज

वीजरसायनात थेंब विखुरले की मार्गदर्शकाची जीभ सवयीनं एकच शब्द उच्चारते : करंट. मीही तेच केलं. कॅथोडच्या क्षेत्रफळामागे करंट जास्त होतोय म्हणून तो निम्मा करून पाहिला. मग तापमान वीस अंशांनी वाढवलं. मग कॅथोडची सळी बदलली, घासून, आम्लातून काढून. शेवटी दोष विजेवर टाकला. जुलैत आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा तरी जाते; मूस अर्ध्यावर गोठते, पुन्हा वितळवावी लागते. म्हणून विभागप्रमुखांना विनवून यूपीएस आणला.

सहा खेपा झाल्या. धातू कधी अडीच ग्रॅम, कधी साडेतीन. प्रत्येक वेळी एकेक गोष्ट बदलत होतो, म्हणजे पद्धत शास्त्रशुद्ध होती. फक्त बदलायला हवी ती गोष्ट यादीतच नव्हती. क्षार ‘सुकलेलं’ आहे, हे त्या चिठ्ठीनंच ठरवून टाकलं होतं.

या टप्प्यावर सर्वात जास्त चुटपुट लागते ती एका वाक्याची. आमचे प्रयोगशाळा सहायक भाऊ, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, जूनमध्येच मला म्हणाले होते, ‘सर, त्या भट्टीचं बिजागर गंजून गेलं. आणि सकाळी दार उघडलं की वास आंबट मारतो.’ मी म्हटलं, ‘भाऊ, पावसाळा आहे, गोव्यात काय गंजत नाही?’

तो वास हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेचा होता. पूड भट्टीत सुकत असताना तिच्यातलं क्लोरीन पळून जात होतं, आणि जिथून क्लोरीन जातं तिथे ऑक्सिजन बसतो. प्रयोग बिघडत होता तो मुशीत नाही, त्याच्या आदल्या रात्री, भट्टीत.

ऑक्साइड आला कुठून

घरातल्या खड्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं, ते मुख्यतः त्यात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. शुद्ध सोडियम क्लोराइड इतकं पाणी ओढत नाही. ओलं झालेलं साधं मीठ तव्यावर परतलं की पाणी उडून जातं आणि मीठ होतं तसं राहतं. मॅग्नेशियम क्लोराइडचं तसं नाही. सुरुवातीचं पाणी निमूट जातं, पण शेवटचे एक-दोन रेणू धातूला घट्ट धरून असतात. २०० अंशांच्या आसपास ते सुटायला लागतात तेव्हा एकटे जात नाहीत. हायड्रोजन क्लोरीनला घेऊन आम्लाच्या रूपात निघून जातो आणि मागे हायड्रॉक्सीक्लोराइड राहतं, म्हणजे अर्ध्या क्लोरीनची जागा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीनं घेतलेला क्षार. ४०० अंशांच्या पुढे त्यातूनही आम्ल सुटतं आणि उरतो मॅग्नेशियम ऑक्साइड. आमची भट्टी नेमकी ४०० वर होती, आणि जुलैची हवा वरून आणखी पाणी पुरवत होती.

म्हणून वजन स्थिर होणं हा पुरावाच नव्हता. ऑक्साइडचंही वजन स्थिरच असतं.

हे दोन्ही पदार्थ मुशीत वेगवेगळा त्रास देतात. ऑक्साइड वितळलेल्या क्लोराइडमध्ये जवळजवळ विरघळत नाही. तो पुडीसारखा तरंगतो, थेंबांना चिकटतो, आणि थेंब जड होऊन तळाच्या गाळात जातात. हायड्रॉक्सीक्लोराइड मात्र विरघळतं, आणि तेच जास्त वाईट. ते कॅथोडपर्यंत पोचतं, तिथे त्यातून हायड्रोजन सुटतो आणि ऑक्साइड थेट कॅथोडच्या अंगावर तयार होतो. धातू सळीला ओला करून पसरायच्या ऐवजी त्या सायीवर थेंबाथेंबानं उभा राहतो. खर्च झालेल्या विजेतला काही भाग धातूऐवजी हायड्रोजन काढण्यात जातो, तो वेगळाच. ॲनोडवरचे खड्डेही यातलेच : ऑक्सिजन असलेले आयन तिथे पोचले की कार्बन जळून त्याचे ऑक्साइड होतात. नुसतं क्लोरीन सुटत असतं तर कांडी इतकी झिजली नसती. डाऊच्या कारखान्यात पूर्ण न सुकवलेला क्षार वापरत, आणि तिथे ग्रॅफाइटचे ॲनोड सतत झिजत, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं होतं. ते शिकवणं आणि समोरची कांडी यांची माझ्या डोक्यात गाठ पडली नाही.

थोडं विषयांतर. ऑक्साइड हा वितळलेल्या क्षारांचा सरसकट वैरी आहे असं कोणी समजू नये. ॲल्युमिनियमचा अख्खा उद्योग हॉल आणि एरू यांनी १८८६ मध्ये शोधलेल्या पद्धतीनं चालतो, आणि तिथे क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या क्षारात विरघळलेला ऑक्साइड हाच कच्चा माल आहे. केंब्रिजच्या फ्रे, फार्दिंग आणि चेन यांनी २००० साली टायटॅनियमच्या घन ऑक्साइडमधलाच ऑक्सिजन वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ओढून काढून दाखवला. उलट फ्लोराइडमधून नायोबियम किंवा टँटलमचा सलग थर चढवायचा असेल तर थोडा ऑक्साइडही धातूभोवतीची आयनांची रचना बदलतो आणि थर बिघडवू शकतो. म्हणजे प्रश्न तो त्या क्षारात विरघळतो का, आणि विरघळून कोणाशी जोडी जमवतो, हा आहे. आमच्या मुशीत त्याचं कोणाशीच पटत नव्हतं.

मोजणी

शंका पक्की झाली ती एका साध्या चाचणीनं. गोठलेल्या क्षाराचा तुकडा विद्यार्थिनीनं पाण्याच्या बीकरमध्ये टाकला. सगळी क्लोराइडं विरघळली आणि पाणी ताकासारखं झालं. तो पांढरेपणा गाळून, त्यावर ठरावीक मापाचं हायड्रोक्लोरिक आम्ल जास्त घालून कोमट केलं, आणि उरलेलं आम्ल कॉस्टिक सोड्यानं मोजलं. जेवढं आम्ल खर्च झालं त्यावरून ऑक्साइड किती ते कळतं.

इथेही एक खड्डा होता. नमुना विद्युत विघटनानंतरचा होता, आणि त्यात धातूचे बारीक मणी होते. तेही आम्ल खातात. पहिला आकडा भलताच मोठा आला. बीकरमध्ये बुडबुडे दिसल्यावर ती म्हणाली, ‘सर, ऑक्साइडला बुडबुडे कसे येतील?’ बरोबर होतं तिचं. मग नमुना वीज लावायच्या आधी घ्यायचा असं ठरवलं. तेव्हा मिश्रणाच्या वजनाच्या साधारण २ टक्के ऑक्साइड निघाला. ऐकायला थोडा वाटतो. पण मिश्रणात मॅग्नेशियम क्लोराइडच मुळात २० टक्के होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे मोठा हिस्सा भट्टीतच वाया गेला होता.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय बाजारातून निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड आणण्याचा. त्यात काम झालं असतं, पण मग आगराचा संबंध काय उरला? आणि जुलैत ती बाटली उघडून वजन करेपर्यंत तीही पाझरणारच.

दुसरा, कोरड्या हायड्रोजन क्लोराइड वायूच्या प्रवाहात सुकवण्याचा. आम्ल आधीच भरपूर असलं की क्लोरीन पळायचं कारणच राहत नाही. नॉर्वेत पॉर्शग्रुनला मोठ्या प्रमाणावर हेच करत. तिसरा, कार्बन आणि क्लोरीननं ऑक्साइडचं परत क्लोराइड करण्याचा. या दोन्हींसाठी जे सिलिंडर लागतात ते महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, शेजारी बारावीचं प्रॅक्टिकल चालू असताना ठेवायची माझी तयारी नव्हती. आमच्या एका खेपेतच तीस ग्रॅमच्या वर क्लोरीन सुटत होता, तेवढा सांभाळताना नाकी नऊ येत होते.

चौथा, मूस तासभर शांत ठेवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचा क्षार वापरायचा. ऑक्साइडची पूड बसते. विरघळलेलं हायड्रॉक्सीक्लोराइड बसत नाही.

पाचवा होता नवसागराचा. म्हणजे अमोनियम क्लोराइड. स्फटिकांच्या द्रावणातच तो घालून दुहेरी क्षार बनवायचा आणि मग सुकवायचा. तापताना नवसागर स्वतः फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड देतो, म्हणजे सिलिंडर न आणता तेच आम्ल पुडीच्या पोटातच तयार होतं. आम्ही हा निवडला.

काय केलं

आधी एक आततायीपणा झाला, तो लपवत नाही. नवा क्षार करण्याआधी जुना वाया जाऊ नये म्हणून मी ७०० अंशांच्या मुशीतच दोन चमचे नवसागर टाकायला सांगितलं. नवसागर ३४० अंशांच्या आतच उडून जातो. मुशीतून पांढऱ्या धुराचा लोट उठला, झाकण हललं, धुराडं चालू होतं म्हणून निभावलं. क्षारात काहीच फरक नाही. ज्याचं काम ३०० अंशांवरचं आहे त्याला ७०० वर बोलावून उपयोग नसतो, हे मला समोर धूर दिसल्यावर सुचलं.

मग रीतसर केलं. २०३ ग्रॅम स्फटिकांमागे ५३.५ ग्रॅम नवसागर हे रेणूंचं एकास एक प्रमाण. आम्ही थोडा जास्तच घेतला. द्रावण आटवलं, पूड हलक्या पंपाखाली १०० आणि मग १५० अंशांवर सावकाश सुकवली, पाण्याचा बहुतेक भाग तिथेच काढला. त्यानंतर बंद नळीत, आरगॉनच्या प्रवाहात, ४०० अंशांपर्यंत हळूहळू नेली. नवसागर नळीच्या थंड टोकाला पांढरा थर होऊन बसला. पूड गरम असतानाच बाटलीत भरून मेणानं बूच बंद केलं.

नवसागराचं पाकीट बघून भाऊ म्हणाले, ‘हा तर कल्हईचा.’ खरंच होतं. कल्हईवाला भांडं तापवून त्यावर नवसागर फिरवतो, धूर निघतो, तांब्यावरचा ऑक्साइड जातो, आणि मगच कथील पसरतं. ऑक्साइड राहिला तर कथलाचे थेंब नुसते पळत राहतात. विद्यार्थिनीनं कल्हई कधी पाहिलेली नव्हती. भाऊंनी चिंधी आणि हाताच्या अभिनयानं तिला जे समजावलं, ते माझ्या दोन व्याख्यानांत समजलं नव्हतं.

मुशीत क्षार वितळल्यावर मुख्य करंट देण्याआधी तासभर २ व्होल्टच्या खाली वीज लावून ठेवली. मॅग्नेशियम क्लोराइड फुटायला साधारण अडीच व्होल्ट लागतात, त्यामुळे त्याच्या आत राहिलं तर धातू न पडता चुकार पाणी आणि हायड्रॉक्सीक्लोराइड तेवढं निघून जातं. सुरुवातीला करंट जरा वर होता, मग उतरत उतरत जवळजवळ स्थिर झाला. तो स्थिर होईपर्यंत थांबायचं, घड्याळ बघायचं नाही, असा नियम केला.

गंधकाचा फेरा

नव्या क्षारात ऑक्साइड ०.२ टक्क्याच्या खाली आला. चवथीच्या सुट्टीच्या आधीची खेप : साडेसहा ग्रॅम, मोठे मणी, दोन-तीन तर वाटाण्याएवढे. आनंद झाला. पण करडी साय पूर्ण गेली नव्हती, आणि मुशीचं झाकण उघडताना जळक्या काडेपेटीसारखा वास येत होता.

इथे निर्णय होता : थांबायचं की आणखी खणायचं? प्रबंधाला एवढा निकाल पुरेसा होता. मी थांबायच्या बाजूनं होतो. विद्यार्थिनी नव्हती. ती म्हणाली की आधी ऑक्साइड नव्हता आणि नंतर आहे, तर तो मुशीतच कुठेतरी तयार होतोय.

तिचा तर्क बरोबर निघाला. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं आणि कडू पाण्यात ते चांगलंच साठतं. वितळलेल्या क्षारात मॅग्नेशियम धातू सल्फेटमधला ऑक्सिजन हिसकावून घेतो : नुकताच पडलेला धातू स्वतःच ऑक्साइड होतो आणि गंधक मोकळा होतो. सुकवणं कितीही नीट केलं तरी हा ऑक्सिजन पाण्यातून आलेला नसल्यामुळे सुकवून जात नाही.

उपाय मुळाशी होता. कडू पाण्यातच कॅल्शियम क्लोराइड घालून सल्फेट जिप्समच्या रूपात खाली पाडलं, दोन दिवस बसू दिलं, गाळलं. जिप्सम पाण्यात किंचित विरघळतो, म्हणून थोडं सल्फेट राहतंच. बेरियम क्लोराइडनं तेही काढता आलं असतं, पण बेरियम विषारी आणि सांडपाणी कुठे टाकायचं हा प्रश्न, म्हणून ते टाळलं. शिवाय मिश्रणात दोन टक्के कॅल्शियम फ्लोराइड घातलं. त्यानं थेंबांवरची साय सुटते आणि थेंब एकत्र येतात.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या खेपांमध्ये १०.९ पैकी साडेआठ ग्रॅमच्या आसपास धातू मिळाला, त्यातला बहुतेक एकाच चपट्या गोळ्यात. ॲनोडची कांडी चार खेपांना पुरली. हवा कोरडी झाल्याचा यात वाटा किती आणि आमच्या कामाचा किती, हे वेगळं करता येत नाही. जुलैत तोच क्षार वापरून पाहिला असता तर कळलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या आठवड्यातच दोन मुशी लावायला हव्या होत्या. एकीत विकतचा निर्जल क्षार, दुसरीत तोच क्षार आणि तोलून घातलेला चमचाभर ऑक्साइड. आम्ही हे केलं, पण डिसेंबरमध्ये, प्रबंधाच्या परिशिष्टासाठी. दुसऱ्या मुशीत जूनमधलेच करडे मणी जसेच्या तसे निघाले. दोन दिवसांच्या या कामानं सहा खेपा आणि एक यूपीएस वाचला असता.

बाटलीवरच्या चिठ्ठीत आता ‘सुकलेलं’ असं लिहीत नाही. कसं सुकवलं, किती अंशांपर्यंत, आणि आम्लानं मोजलेला ऑक्साइड किती, हे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती बाटली मुशीजवळ जात नाही. भट्टीचं बिजागर बदललं आहे. ते महिन्यातून एकदा बघायचं काम भाऊंनी स्वतःहून घेतलं.

एक गोष्ट राहिली. समुद्राच्या पाण्यात बोरॉनही असतो, कडू पाण्यात तोही साठतो, आणि अगदी थोडा बोरॉनही मॅग्नेशियमचे थेंब एकत्र येऊ देत नाही. आमच्या उरलेल्या अडीच ग्रॅमांतला काही हिशेब तिथे असू शकतो. पुढच्या मे महिन्यात पाणी आणलं की आटवायच्या आधी एक लिटर बाजूला ठेवायचं ठरलं आहे, प्लास्टिकच्या बाटलीत, कारण प्रयोगशाळेच्या नेहमीच्या काचेतच बोरॉन असतो.